नेर्मिन आब्लाचा रवा

कार्डिफमधल्या त्या घरात राहायला जाऊन आम्हांला आठवडाही झाला नसेल. एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं छोटंसं घर, पण स्वतःचं. त्यामुळे मी हौसेनं सत्यनारायण घातला. गुरुजी मिळाले नाहीत, पोथी मोबाइलवर लावली, केळीच्या खांबांऐवजी सुपरमार्केटमधली केळीच पाटाशी ठेवली. प्रसादाचा शिरा मात्र आईनं शिकवला तसाच, सव्वाच्या मापानं, तुपाला हात आखडता न घेता केला. शेजाऱ्यांचं तोंड गोड करावं म्हणून निळ्या काठाच्या बशीत गरम शिरा घेऊन मी शेजारची बेल वाजवली.

दार उघडलं ते साठीच्या आसपासच्या एका उंच, रुंद खांद्यांच्या बाईनं. केस पांढरे, आखूड कापलेले, भुवया मात्र काळ्याभोर. तिनं माझ्याकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. छातीवर हात ठेवून तिनं अगदी हळू विचारलं, "कोण गेलं?"

मी म्हटलं, कुणी गेलं नाही, आम्ही आलोय. राहायला. तिनं पुन्हा बशीकडे पाहिलं, वाकून वास घेतला. "मग रवा का भाजलास?"

नेर्मिन आब्लाची आणि माझी ओळख झाली ती अशी. ती तुर्कस्तानातल्या इस्केन्देरुनची. त्यांच्याकडे माणूस गेलं की लोण्यात रवा भाजून त्याचा हलवा करतात आणि तो दारोदार वाटतात. भाजताना घरातल्या प्रत्येकानं चमचा हातात घेऊन थोडं ढवळायचं, गेलेल्याचं नाव मनात घ्यायचं, खिडकी उघडी ठेवायची. तो वास गेलेल्या माणसाला पोचतो म्हणतात. तिच्या आईच्या गल्लीतली रीत अशी, की दारात हलवा आला की घेणाऱ्यानं आधी विचारायचं, कोण गेलं. देणाऱ्यानं नाव सांगायचं. मग घेणाऱ्यानं म्हणायचं, "बाशन साओल्सुन". म्हणजे, तू तरी सलामत राहा. आणि मी ही सगळी रीत धाब्यावर बसवून, तोंडभर हसत, तिच्या दारात रवा घेऊन उभी होते.

सगळा उलगडा झाल्यावर तिनं तिथेच उंबऱ्यात उभं राहून शिरा खाल्ला. बशी चाटूनपुसून साफ केली आणि निकाल दिला: साखर जास्त, तूप फार जास्त, केळं तर घालायचंच नाही. "पण आनंदासाठी असेल तर चालेल," म्हणाली. बशी तिनं ठेवून घेतली. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा तिच्यात डाळिंबाच्या आंबटगोड पाकात मुरलेली वांगी होती. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे आमच्याकडेही आहे आणि तिच्याकडेही. तेव्हापासून ती निळ्या काठाची बशी दोन घरांत अशी फिरत राहिली, की ती मुळात कुणाची हे माझी मुलगी आता सांगू शकणार नाही.

आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं, तिच्या तुर्की वळणाच्या आणि माझ्या मिरजेच्या. पण मला ते आठवतं मराठीतच, म्हणून तसंच लिहिते. आब्ला म्हणजे थोरली बहीण. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, फिसकन हसला होता. अबला ती कुठल्याच अंगानं नव्हती. शाळेसमोरच्या चौकात पिवळा कोट घालून, हातात तो गोल पाटीचा दांडा घेऊन मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं तिचं काम. इकडे अशा बाईला लॉलीपॉप लेडी म्हणतात. नेर्मिन आब्लाला पाहून मात्र ते नाव कुणाच्या ओठावर आलं नसतं. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन दांडा रोवायची आणि गाड्या थांबायच्या, हॉर्न वाजवायची कुणाची टाप नव्हती. एकदा एका मोठ्या गाडीवाल्यानं काच खाली करून घाई असल्याचं सांगितलं. आब्लानं शेवटच्या मुलाच्या बुटाची सुटलेली नाडी तिथेच, रस्त्याच्या मधोमध बसून बांधली, नीट दुहेरी गाठ मारली, आणि मग त्याला जाऊ दिलं.

ती इथे आली कशी, हे तिनं मला चहाच्या दोन पेल्यांत सांगून टाकलं होतं. इस्केन्देरुनच्या बंदरात पोलाद भरायला एक जहाज आलं, त्यावर केन नावाचा वेल्श इंजिनीअर होता, जहाजाचं काहीतरी बिघडलं आणि दुरुस्त होईपर्यंत यांचं लग्न ठरलं. केन आम्ही येण्याच्या कितीतरी आधी गेला. मूलबाळ नव्हतं. केनचा हलवा तिनं एकटीनं केला. ढवळायला दुसरा हात नव्हता, त्यामुळे प्रत्येक नातलगाच्या वाटचं तीच ढवळत राहिली आणि शेवटी रवा करपला. "करपलेलाच वाटला," म्हणाली. "इथे कुणाला काय कळतंय?" तिनं सांगितलेल्या तिच्या आयुष्यातल्या गोष्टींमध्ये मला ही सर्वांत एकाकी वाटली.

तिच्यासाठी कार्डिफ हे इस्केन्देरुनच्या नकाशावर बसवलेलं गाव होतं. उत्तरेला केरफिलीचा डोंगर चढताना ती म्हणायची, हा आमचा बेलेनचा घाट. तिकडे बेलेन ओलांडलं की खाली समुद्राऐवजी मैदान दिसतं, आणि उन्हाळ्यात बंदरातली सगळी माणसं थंडाव्याला त्या डोंगरात पळतात. बॅरीच्या किनाऱ्यावर गेलो की तिला आर्सुझ आठवायचं. इस्केन्देरुनच्या दक्षिणेला समुद्राकाठी हे लहान गाव, तिथे तिच्या वडिलांनी लावलेली संत्र्यांची झाडं होती. ही तुलना तिला स्वतःलाही पटत नसावी, कारण ती करून झाली की ती खांदे उडवायची. इस्केन्देरुनला डोंगरातल्या एका फटीतून अवचित वारा सुटतो, यारक्काया म्हणतात त्याला, छपरं उडवतो. त्या वाऱ्याच्या धाकानं ती कार्डिफमध्येही प्रत्येक कपड्याला दुप्पट चिमटे लावायची. पावसानं भिजलेले टॉवेल दिवसदिवस दोरीवर लोंबत, पण एकही कधी उडाला नाही.

इस्केन्देरुन म्हटलं की कुणाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नसे, याचं तिला दुःख होतं. तुर्कस्तान म्हटलं की लोक खुलायचे. पलीकडच्या घरातल्या ग्लेनिस नावाच्या म्हाताऱ्या वेल्श बाई तर दर वेळी सांगायच्या की आम्ही गेलोय ना, तो रिसॉर्ट काय सुंदर, तो स्पंजासारखा मऊ ब्रेड काय, ते निळं पाणी काय. आब्ला ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तो वेगळा तुर्कस्तान. आमच्याकडे पाणी काळं असतं, क्रेन असतात आणि कोळंबी असते." ग्लेनिस बाईंनी एकदा आब्लाची बशी स्वच्छ धुऊन, पुसून, रिकामी परत केली होती. आब्लाला वाटलं, पदार्थ आवडला नाही. मी समजावलं की इकडे असंच असतं. "मग यांना कळतं कसं की आपलं येणंजाणं अजून चालू आहे?" तिनं विचारलं.

आता जेमालबद्दल सांगायला हवं. जेमाल तिचा धाकटा भाऊ, बंदरात क्रेन चालवायचा. आई लवकर गेली, म्हणून त्याला आब्लानंच वाढवलं. पुढे त्याची बायको गेली, मुलगी देर्या लग्न होऊन अदानाला राहायला गेली, आणि तो आईवडिलांच्या जुन्या घरात, किनाऱ्यामागच्या गल्लीतल्या एका इमारतीत, एकटा राहत होता. दर रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. तो स्वतः क्वचितच दिसायचा. फोन समोर धरून तो बहिणीला बाजार दाखवायचा, कोळंबीचे ढीग, कुणाचं दुकान बंद झालं, कुणाच्या खिडकीत जिरेनियम फुललं. आब्ला मध्येच ओरडून त्याला मागे फिरवायची, ते पुन्हा दाखव म्हणायची. मी तिथे असले तर तो मला "कोमशू" म्हणून हाक मारायचा. कोमशू म्हणजे शेजारीण. मला येणारे तुर्की शब्द मोजकेच, त्यातला हा सर्वांत लाडका.

एका उन्हाळ्यात तो कार्डिफला आला होता. बुटका, टक्कल पडलेला, बहिणीच्या खांद्याला लागणारा. बरोबर मिरचीचा लाल लगदा भरलेली बरणी आणली होती. मी तो मिसळीच्या कटात घातला तेव्हा श्रीकांतनं त्याला मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला बॅरीला समुद्र दाखवायला नेलं. ओहोटी होती. इथली ओहोटी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून खरं वाटायचं नाही. समुद्र नजरेच्या पार जातो आणि मागे नुसता चिखल उरतो. जेमालच्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. तो बराच वेळ कमरेवर हात ठेवून त्या चिखलाकडे पाहत राहिला. मग बहिणीला काहीतरी म्हणाला आणि ती हसता हसता बाकावरच बसली. तो म्हणाला होता, "ताई, या लोकांचा समुद्र कुणी नेला? पोलिसांत कळवलं का?" संध्याकाळी भरती पाहिल्याशिवाय तो हलायला तयार नव्हता. पाणी परत आलं तेव्हा त्यानं मान डोलावली, जणू आता त्याला निश्चिंत मनानं घरी जाता येईल.

आणि मग भूकंप झाला. मी सकाळी हॉस्पिटलला कामावर निघायच्या आधी टीव्ही लावला आणि पडद्यावर नाव वाचलं, इस्केन्देरुन. इतकी वर्षं जे नाव या रस्त्यावर कुणाला माहीत नव्हतं ते आता प्रत्येकाच्या घरात दिसत होतं. बंदरात कंटेनर जळत होते, धूर डोंगरापर्यंत गेला होता, किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर समुद्राचं पाणी आलं होतं. मी तशीच पळत शेजारी गेले. दार बंद. तेवढ्यात शाळेत गेलेल्या सईचा, माझ्या मुलीचा, फोन आला.

"आई, आब्ला क्रॉसिंगवर आहे. ड्यूटी करतेय, लाइक, नॉर्मल. पण तिचा फोन सारखं वाजतंय आणि ती उचलत नाहीये. मी काय करू?"

मी धावत चौकात गेले. ती पिवळा कोट घालून उभी होती. मी जवळ गेल्यावर म्हणाली की मुलं काही शाळेत यायची थांबत नाहीत. फोन तिला उचलायचा नव्हता, कारण जोवर उचलला नाही तोवर कुणी काही सांगितलेलं नव्हतं. शेवटचं मूल आत गेल्यावर, शाळेची घंटा झाल्यावर, तिनं फोन माझ्या हातात दिला. पलीकडे देर्या होती. जेमालची इमारत बसली होती, सगळेच्या सगळे मजले एकावर एक. देर्या रडत होती आणि मला तुर्की येत नव्हतं, पण त्यासाठी भाषा लागली नाही.

आब्ला तिकडे जाऊन राहिली. ढिगाऱ्यासमोर खुर्ची टाकून बसायची, असं देर्यानं नंतर सांगितलं. शेजारी एकामागून एक मिळाले, जिवंत फार थोडे. जेमाल मिळाला नाही. ढिगारा उपसून झाला, जमीन सपाट झाली, तरी मिळाला नाही. शेवटच्या रविवारी फोनवर तो म्हणाला होता की पाऊस नसला तर बेलेनला मित्राकडे जाईन. मित्र म्हणाला, आला नाही. पण त्या डोंगराळ भागातही घरं पडली होती, रस्ते खचले होते, आणि तो वाटेत नेमका कुठे होता हे ठामपणे सांगणारा कुणीच नव्हता. ओळख न पटलेल्यांना नंबर घालून पुरलं होतं. आब्लानं डीएनए जुळवणीसाठी रक्त दिलं. कळवू म्हणाले. ती परत आली, आणि दुसऱ्या दिवशी चौकात हजर झाली.

तिथून पुढची वर्षं ती फक्त एका गोष्टीवर ठाम राहिली. रवा भाजायचा नाही. त्यांच्याकडे गेलेल्यासाठी पाळतात तो चाळिसावा दिवस आला, ओळखीच्या तुर्की बायका मशिदीतून आल्या, बरोबर रव्याची पिशवी आणि लोणी. त्यांनी प्रेमानंच सांगितलं की आता करायला हवं, त्याच्या जिवाला शांती लागेल. आब्लानं त्यांना चहा दिला, गोड बोलली आणि जाताना पिशवी त्यांच्या हातात परत दिली. एकीनं निरोप घेताना "बाशन साओल्सुन" म्हणायला तोंड उघडलं, तर आब्लानं सरळ तिच्या तोंडावर हात ठेवला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नंतर बशा विसळताना ती मला म्हणाली, "मी रवा भाजला की तो मेला. तोवर तो फक्त सापडलेला नाही."

आमच्या दोन घरांच्या मधली भिंत पातळ, आणि स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून. मी लसूण परतला की तिला वास जायचा. म्हणून मीही घरात रवा भाजणं बंद केलं. उपमा गेला, शिरा गेला, दिवाळीत रव्याचे लाडू गेले. सईला युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला म्हणून सत्यनारायण घातला तेव्हा मी प्रसादाला तांदळाची खीर केली. मिरजेहून सासूबाई व्हिडिओवर पूजा बघत होत्या. त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. सत्यनारायणाला शिरा नाही, हे त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टरांनी रवा बंद केलाय. देव मला या खोटेपणाबद्दल क्षमा करेल, सासूबाईंनी अजून केलेली नाही.

श्रीकांतला हे सगळं पटायचं नाही. एकदा जेवताना म्हणाला, "अगं, शी नीड्स क्लोजर. किती दिवस हे असं ॲव्हॉइड करणार? कुणीतरी तिला सांगायला हवं." मी म्हटलं, क्लोजर म्हणजे काय ते तूच जाऊन सांग तिला, दार उघडंच असेल. तो गेला नाही. माणूस वाईट नाही तो. फक्त दुसऱ्याच्या दुःखाला वेळापत्रक लावता येत नाही, हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागतो.

बाहेरून पाहिलं तर आब्ला तीच होती. दुप्पट चिमटे, दांडा रोवणं, माझ्या दुधाच्या चहाला औषध म्हणणं. पण रविवारी दुपारी ती फोन समोर उभा करून ठेवायची आणि त्याच्यासमोर बसून भाजी निवडायची. जेमालचा नंबर तिनं कधी काढून टाकला नाही. बॅरीला मात्र ती पुन्हा आली नाही. एकदा आग्रह केला तर म्हणाली, त्याच्या बाजूचा समुद्र कधी हलत नव्हता, आणि त्या दिवशी रस्त्यावर आला. आता मला कुठल्याच समुद्राचा भरवसा नाही.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी एका शनिवारी सकाळी तिनं भिंतीवर टकटक केलं. आमची ही जुनी खूण, चहा टाकलाय अशी. मी गेले तर चहा नव्हता. ती टेबलाशी हात जोडल्यासारखे धरून बसली होती. देर्याला मुलगा झाला होता. मी अभिनंदन करायला पुढे झाले, तर तिनं मला खूण करून बसवलं.

देर्या भूकंपानंतर आर्सुझला, आजोबांच्या संत्र्यांच्या बागेत, राहायला आली होती. नवरा, दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आणि आता हे बाळ. तिनं आत्याला फोन करून परवानगी मागितली होती. बाळाचं नाव तिला जेमाल ठेवायचं होतं. पण त्यांच्या घराण्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत, त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. आब्ला घरातली थोरली. ती हो म्हणाली तरच ते नाव ठेवता येणार होतं. देर्यानं एका शब्दानं घाई केली नव्हती. आपण थांबू, एवढंच म्हणाली होती, आणि तोवर बाळाला सगळे नुसतं 'बाळ' म्हणत होते.

"माझ्यामुळे एक मूल बिननावाचं आहे," आब्ला म्हणाली. "आणि तिकडे एक माणूस नंबराखाली आहे. दोघांचंही नाव मीच अडवून धरलंय."

मला रडू येत होतं आणि ते तिच्यासमोर येऊ द्यायचं नव्हतं. तीही रडली नाही. ती उठली, खिडकी उघडली. फेब्रुवारीतली कडाक्याची हवा आत आली. मग म्हणाली, "तुझ्याकडे रवा आहे?"

नव्हता. इतक्या वर्षांत मी घरात आणलाच नव्हता. मी कोट चढवून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, रवा आणला, जाडा मिळाला. येईपर्यंत तिनं पातेल्यात लोणी वितळवलं होतं, चिलगोजे काढले होते. रवा टाकला. मंद आचेवर ती ढवळत राहिली आणि हळूहळू तो वास सुटला. माझ्या आईच्या घरातला, पूजेचा, पाहुण्यांचा, वाढदिवसाचा तो वास. मला तो आयुष्यभर आनंदाचा वास होता, आणि त्या स्वयंपाकघरात उभं राहून मला पहिल्यांदा समजलं की तो तिच्या नाकाला कसा येत असेल.

तिनं चमचा माझ्या हातात दिला. मला प्रार्थना येत नाही, मी म्हटलं. तुझ्या भाषेत काय येतं ते म्हण, ती म्हणाली. मला काहीच आठवेना. शेवटी मी मनात म्हटलं, जेमालभाऊ, समुद्र परत आलाय, तुम्ही निश्चिंत जा. आणि ढवळत राहिले. मग तिनं देर्याला व्हिडिओवर घेतलं, फोन पातेल्याशेजारी टेकवून ठेवला आणि तिच्या वाटचं ढवळलं. देर्याच्या मांडीवर बाळ होतं. बाळाच्या वाटचंही ढवळलं. या वेळी रवा करपला नाही. दोघी मिळून राखत होतो ना.

हलवा मुरायला झाकून ठेवल्यावर ती मला म्हणाली, "आता तू घरी जा. दार लावून घे."

मी म्हटलं, वाटायला मदत करते.

"नाही. तुझ्याही दारात मला यायचंय."

मी घरी आले, दार लावलं आणि त्याच्या आत कोट घालूनच उभी राहिले. श्रीकांत वरून विचारत होता काय झालं, मी हातानंच गप्प राहा म्हटलं. बेल वाजली. उघडलं. ती काळा कोट घालून, केस नीट विंचरून उभी होती. हातात मोठं ताट, त्यावर पांढऱ्या वाट्या आणि मध्ये ती निळ्या काठाची बशी, ढीग लावलेली. बशी तिनं माझ्यापुढे धरली. मग ती थांबली, आणि मला कळलं की ती माझी वाट पाहतेय. रीत होती. विचारल्याशिवाय सांगता येत नाही.

मी विचारलं, "कोण गेलं?"

"माझा भाऊ," ती म्हणाली. "जेमाल."

मी म्हटलं, "बाशन साओल्सुन." इतकी वर्षं पाठ करून ठेवलेलं. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला नाही. मान खाली घातली, आणि ते घेतलं.

पुढे उन्हाळ्यात घर विकून ती आर्सुझला गेली. आता तिथे संत्र्यांना पाणी घालते आणि छोट्या जेमालला सांभाळते, फोटो येतात. एअरपोर्टवरचा निरोप मला फारसा आठवत नाही, गर्दी होती, सामान जास्त झालं होतं. माझ्या डोळ्यांसमोर राहिलीय ती त्या शनिवारची आब्ला. माझ्या दारातून ती पायऱ्या उतरली आणि रांगेतल्या पुढच्या घराकडे वळली. मी बशी हातात धरून उंबऱ्यातच उभी होते. तिथली माणसं हसून दार उघडणार, किती छान, काय विशेष म्हणून विचारणार, आणि दर दारात तिला ते नव्यानं सांगावं लागणार होतं. सबंध रस्त्यावर, दोन्ही बाजूंना. हे तिला माहीत होतं. म्हणूनच तिनं मला बरोबर घेतलं नव्हतं; मी असते तर ते सांगणं मीच उरकलं असतं.

ग्लेनिस बाईंच्या दाराशी ती थांबली. ताट एका हातावर तोललं, पाठ ताठ केली, चौकात उभी राहायची तशी, आणि बेल वाजवली. म्हाताऱ्या बाईंना दारापर्यंत यायला वेळ लागतो. ती थांबून राहिली. मग दार उघडलं, ग्लेनिस बाई हसल्या, काहीतरी विचारलं, आणि नेर्मिन आब्ला सांगू लागली.